मापावरची शीग

पूर्वी वेणुपूर नगरात धृतिसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व हिशेब तपासणाऱ्यांच्या कुळात जन्मला होता. धान्यात किंवा द्रव्यात घोटाळा झाला आणि तंटा न्यायसभेत गेला, की राजा त्यालाच बोलावी. तो कुणाला दरडावीत नसे. माल कुठून आला आणि कुठे गेला, एवढेच तो शोधी आणि तेवढेच सभेत सांगे.

त्या नगरात सोमिल नावाचा राजाचा कोठारी होता. शेतकरी कराचे धान्य आणीत, तेव्हा सोमिल माप शिगोशीग भरून घेई. काठावर दाण्यांची टोकदार रास उभी राहिल्याशिवाय ते माप तो धरीतच नसे. तेच धान्य सैनिकांना आणि चाकरांना देताना मात्र काठावरून फळी फिरे आणि माप सपाट होई. लिहिताना दोन्हीकडे एकच माप. त्यामुळे हिशेब चोख राही आणि वरची शीग सोमिलच्या घरी जाई. त्याचा बापही हेच करीत आला होता. मापावरचे ते कोठाऱ्याचे, असे सोमिल मनाशी म्हणे. चोरीला असे घरगुती नाव दिले की तिची टोचणी लागत नाही.

मग एका वर्षी दुष्काळ पडला. प्रजेने शिगोशीग दिले आहे, तर प्रजेला शिगोशीगच परत मिळावे, अशी राजाने आज्ञा केली. भर चौकात वाटप सुरू झाले आणि नवे पीक यायच्या कितीतरी आधी कोठाराचा तळ दिसू लागला. सोमिलची पाचावर धारण बसली. आता कुणाच्या तरी माथी हे मारायला हवे होते. त्याने कोठाराच्या दारावरचा पहारेकरी नंदिक याच्याकडे बोट दाखवले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. राजाचे धान्य चोरणाऱ्याचा त्या राज्यात उजवा हात तोडीत.

बोधिसत्त्वाने कोठाराची कुलपे पाहिली, भिंती ठोकून पाहिल्या. कुठे फट नव्हती, उंदराचे बीळसुद्धा नव्हते. मग त्याने एक माप शिगोशीग भरले, वरची शीग फळीने सुपात उतरवली आणि ती निराळी मोजून पाहिली. अशा साऱ्या शिगा मिळून जेवढे धान्य होत होते, तेवढीच कोठारात तूट होती.

संध्याकाळी तो सोमिलच्या घरी गेला. सोमिलने पाट मांडला, पाणी दिले आणि हा काही मागायला आला असेल असे समजून नाण्यांची थैलीही पुढे सरकवली. बोधिसत्त्वाने ती तशीच परत सरकवली.

"धान्य कसे गेले ते उद्या मला सांगावेच लागेल," तो म्हणाला. "माझ्या आधी तू सांगितलेस, तर तुझे तुलाच बरे वाटेल."

सोमिलला त्याचा संताप आला. हा म्हातारा आपल्याला लाज शिकवायला आला, असे त्याला वाटले. त्याने काही कबूल केले नाही.

दुसऱ्या दिवशी बोधिसत्त्वाने सभेत माप भरून दाखवले, शीग उतरवून दाखवली, आणि धान्य दारातून नव्हे तर मापाच्या काठावरून गेले असे सांगितले. राजाने विचारले, ते नेले कोणी?

"महाराज, माल कसा गेला ते मला दिसले, ते सांगितले. मापावर कुणाचे नाव नसते. दोष ठरवणे आपले काम, आणि कबूल करणे ज्याचे त्याचे."

सोमिलच्या जिवात जीव आला. धान्य मोजणाऱ्या मापाऱ्यांवर ढकलून मोकळे व्हावे, असे त्याच्या मनात आलेही. तेवढ्यात नंदिक हात जोडून पुढे झाला.

"महाराज, कोठारीदादांवर कुणी संशय घेऊ नये. माझ्या लेकीच्या लग्नात घरात दाणा नव्हता, तेव्हा यांनी न मागता पोतं धाडलं. असा माणूस चोरी करायचा नाही. माझा हात घ्यायचा तर घ्या."

ते पोते शिगेच्याच धान्याचे होते. ते धाडल्यावर आपण चार लोकांत दानशूर म्हणून मिरवलो, हेही सोमिलला आठवले. जोडलेल्या त्या दोन हातांकडे त्याला बघवेना. शरमेने त्याचे कान तापले, धरणीने पोटात घेतले तर बरे असे झाले. शिव्या त्याने निमूट ऐकून घेतल्या असत्या. चांगले म्हटलेले मात्र त्याला सोसेना.

"धान्य मी नेले," तो उठून म्हणाला. "याचा यात काही दोष नाही."

राजाने नंदिकला सोडले आणि सोमिलचा हात तोडायला सांगितले. बोधिसत्त्वाने विनवले, की हात तोडला तर घेतलेले परत कोणता हात करील? राजाला ते पटले. सोमिलचे घरदार विकून धान्य आणवले गेले आणि चौकात त्यानेच ते शिगोशीग वाटले. लोक नुसती झोळी पुढे करीत.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, विहारात सांगितली तेव्हा संघाच्या भांडारात दिव्याचे तेल कमी भरले होते आणि एका भोळ्या भिक्षूवर आळ आला होता. कथा सांगून शास्ता म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे या विहाराला दान देणारे हे गृहस्थ. नंदिक म्हणजे आळ आलेला हा भिक्षू. हिशेब तपासणारा मीच होतो. सोमिल कोण, ते मी सांगणार नाही."

मग भांडार सांभाळणारा भद्रक भिक्षू उठला. त्याची मान वर होत नव्हती.

"तो मीच असणार, भन्ते. तेल मी घेतले."

"मागच्या खेपेला दुसऱ्याने तुला चांगले म्हणेपर्यंत तू बसून राहिला होतास," शास्ता म्हणाले. "आज आपण होऊन उठलास. या गुणाला लज्जा म्हणतात. ती आहे तोवर माणूस हातचा गेलेला नाही."