धर्माजी तांडेलांची रायफल

"…मग थ्री-नॉट-थ्री की एसएलआर? सांगा ना, बाबा."

जयवंत तांडेल रहमतबाबांना तिसऱ्यांदा विचारत होता. बंदुकांवरची पुस्तकं कोळून प्यायलेला गृहस्थ, पण सख्ख्या बापाच्या हातात कोणती रायफल होती, इथे त्याचं घोडं अडलं होतं. धर्माजी तांडेल पंधरा वर्षं नौदलात होते. तिथलं अवाक्षर न सांगता ते गेल्या महिन्यात वारले.

रहमतबाबा दर्ग्याच्या ओट्यावर बसले होते. फकिरी घेण्याआधी त्यांनी जहाजावर हत्यारं साफ केली होती, म्हणून तर जयवंत टेकडी चढून आला होता. खाली खाडीवर धुकट ऊन पसरलं होतं. होड्या पाण्यावर आहेत की हवेत, कळत नव्हतं.

"फोटो आहे?"

"नाही. साधा बिल्लासुद्धा नाही."

"मग रायफलचं नाव कशाला हवं?"

"स्मृतिशिळेवर कोरायला. गाव म्हणतं, तांडेल नुसता डेक घासायचा." जयवंत हातातल्या वहीची कोरी पानं चाळू लागला. "मलाही तसंच वाटायला लागलंय, बाबा. आणि त्याची लाज वाटते."

बाबांनी शेजारची काठी हातात घेतली.

"धर्माजी चालताना छत्री कशी धरायचे?"

"डाव्या खांद्यावर. पोरं हसायची."

"मग थ्री-नॉट-थ्री असणार. कवायतीत एसएलआर खांद्यावर जात नाही. उजव्या बगलेला उभी धरतात."

जयवंतची कळी खुलली. त्याने घाईघाईने वहीत लिहून घेतलं.

"आणि शत्रू किती मारले असतील?"

"एकटे असले की उभे कसे राहायचे?"

"संध्याकाळी धक्क्यावर जायचे… छत्रीचं टोक पायाच्या चवड्यावर, मुठीवर दोन्ही हात, मान खाली. मला वाटायचं, उभ्या उभ्या डुलकी लागली. मी हाका मारायचो."

बाबा उठले. हातातल्या काठीचं टोक त्यांनी डाव्या चवड्यावर टेकवलं. वर हातावर हात ठेवले. मान हळूहळू खाली गेली.

वारा पडला होता. होड्याही थांबल्यासारख्या वाटत होत्या…

जयवंतने पेन खाली ठेवलं. हे चित्र त्याने पुस्तकात पाहिलं होतं. मेलेल्या साथीदाराला निरोप देताना शिपाई रायफलची नळी अशीच बुटावर टेकवतात.

"शोक शस्त्र…" तो पुटपुटला. त्याचे डोळे भरून आले. "रोज? कुणासाठी, बाबा?"

बाबांनी मान वर केली नाही.

"गेलेल्या साथीदारांची नावं त्यांनाच ठाऊक होती. धक्क्यावर आता कुणीच उभं राहत नाही, जयवंता."