मेणाची झाकणे

त्या पोळ्यात मधाच्या प्रत्येक घराला मेणाचे झाकण असे आणि प्रत्येक झाकणाला एक भोक. त्या भोकातून कुणीही जीभ घालावी आणि आत किती मध आहे ते पाहावे, अशी रीत होती. चाखणारीला कुणी कारण विचारत नसे. फुले संपत आली की या चाखण्यावरूनच ठरे: पुढचे ओसाड दिवस इथेच काढायचे, की वाटेत खायला मिळते आहे तोवर दुसरी दरी गाठायची.

एका वर्षी कारभारी माश्यांनी सांगितले, की भोकांतून मुंग्या शिरतात. मुंग्या कुणी पाहिल्या नव्हत्या, पण मुंग्यांचे नाव काढले की अंगावर काटा येतोच. भोके लहान झाली. मग जीभ जाईना इतकी लहान झाली. शेवटी, सगळी झाकणे एकसारखी दिसावीत म्हणून, ती बुजवण्यात आली. पोळे खरोखर देखणे दिसू लागले. गुळगुळीत झाकण पाहिले की माशीला पोट भरल्यासारखे वाटते. तिचा स्वभावच तो.

झेलू नावाची एक दाई माशी होती. तिने वाढवलेल्या पोरी नुकत्याच उडू लागल्या होत्या. शेवटची फुले आहेत तोवर निघाल्या तर त्या दरी गाठतील, नंतर नाही, हे तिला कळत होते. ती झाकणे बसवणाऱ्या थोरल्या मेणकरणीकडे गेली.

“बाई, मध किती आहे तेवढं कळलं तर बरं होईल.”

“भरपूर आहे की. झाकणं दिसत नाहीत का?”

“झाकणं दिसतात. आतलं पाहायचं होतं.”

“कोणत्या घरातलं?”

“सगळ्याच.”

“सगळ्याच असं नसतं गं. एक सांग.”

झेलूने समोरचे घर दाखवले.

“ते कुणीतरी भरलंय. तिची खाजगी बाब झाली ती.”

“कुणी भरलंय?”

“ते सांगितलं तर खाजगी कसं राहील?” मेणकरीण हसली. “आणि तुला इथं काय कमी पडतंय, सांग बरं?”

झेलू परत फिरली. मागे एकीने जबड्याने झाकण खरवडले होते. तिला गांधीलमाश्यांच्या वाटेवर पहाऱ्याला पाठवले गेले. ती परतली नाही, आणि तिचे काय झाले, ही तिची खाजगी बाब निघाली.

फुले विरळ होत गेली. झेलूने पोरींपाशी निघण्याचा विषय काढला.

“एवढा मध टाकून?” त्या म्हणाल्या. “मावशी, तू ना, सावलीलासुद्धा दचकतेस.”

शेवटचे फूल गळाल्यावर एका दुपारी वारा सुटला. फार नाही, पाने हलतील एवढाच; मधाने भरलेल्या पोळ्याला तो जाणवलाही नसता. पोळे फांदीखाली झुलू लागले. पोरींना गंमत वाटली. “अजून जोरात,” त्या वाऱ्याला म्हणत होत्या. मेणकरणी तेवढ्यातही एका घराला झाकण बसवत होत्या. झेलूने साही पाय मेणात रोवले. या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकणे बसलेले ते पोळे एखाद्या वाळक्या पानासारखे हेलकावत होते.