बिबिंगकेचा शेवटचा तुकडा

एका राज्यात, पूर्वसागरातल्या सात बेटांच्या राज्यात, लकान नावाचा राजा होता. तिथली रीत अशी की, जेवणाच्या वेळी दारी कुणीही येवो, त्याला 'या, जेवायला बसा' म्हणायचे. एके दुपारी एक मांत्रिक आला, तर राजेसाहेब खाण्यात इतके गर्क की मानही वर केली नाही. एवढा मोठा राजा, पण तोंडातून दोन शब्द फुटले नाहीत!

मांत्रिकाने हात उचलला. राजाशेजारी जेवायला बसलेल्या राणी मायुमीची पावले दगडाची झाली.

"उद्या सूर्यास्ताला हा दगड मस्तकी पोचेल," तो म्हणाला. "त्याआधी मगरीच्या डोहावरची चिंच, राक्षसाच्या शेतातला जांभळा कंद आणि विजेच्या झाडाचा नारळ आणून रांधा. सहकुटुंब एका पानावर बसून संपवा. कण जरी उरला, तरी राणी गेली."

राजकन्या दलिसाय तत्काळ निघाली. बोलका धनेश पक्षी वाट दाखवू लागला. मगरीने वेणी मागितली, तिने कापून दिली. राक्षसाचे शेत रात्रभर खणले, तेव्हा कंद मिळाला. नारळासाठी तळहात पोळले. ती परतली तेव्हा राणी कमरेपर्यंत दगड झाली होती.

राजाने स्वतः चूल फुंकली. चिंचेचे आंबट कालवण उकळले. राजपुत्र बायानीने कंदाचा हलवा घोटला. तांदूळ-नारळाची बिबिंगका, म्हणजे त्या बेटांवरची गोड जाड भाकरी, खाली-वर निखारे ठेवून भाजली. मग केळीच्या लांब पानाभोवती चौघे बसले. राणीचे हात आता दगडाचे होते, म्हणून लेक तिला भरवत होती.

कालवण संपले. हलवा संपला. बिबिंगकेचा एक तुकडा उरला, आणि सारे अडले.

कारण त्या राज्यात शेवटचा तुकडा उचलणे म्हणजे निव्वळ निर्लज्जपणा!

"बाबा, आपण घ्यावा."

"तू दमलीस, बाळ. तू घे."

दलिसायने अर्धा घेतला, अर्धा ठेवला. बायानीने त्याचाही अर्धा ठेवला. राजाने उरल्यातला अर्धा. हाडीमाशी खिळलेली सवय ती, प्राणावर बेतले तरी सुटेना. सूर्य पाण्याला टेकला. दगड गळ्याशी आला.

"अरे, खा कुणीतरी!" धनेश किंचाळला.

तिघांचे हात पुढे झाले, तिघांचेही मागे आले.

"मला द्या," राणी म्हणाली. "मला भूक लागली आहे."

तिघे थक्क झाले. संसाराच्या वीस वर्षांत तिच्या तोंडून हे वाक्य त्या घरात कुणी ऐकलेच नव्हते. कुणी तिला विचारलेही नव्हते. दलिसायला रडू कोसळले. तिने तो घास, मग पानावरचा कण न् कण वेचून आईच्या ओठांत घातला.

हनुवटीशी आलेला दगड थांबला, तडकला आणि गळून पडला. सूर्य बुडाला.

राणीने लेकीचे पोळलेले तळहात आपल्या हातांत घेतले. मग राजाकडे वळून म्हणाली, "अजून एक भाजा. आणि या खेपेला आधी मला वाढा."

राजा उठला आणि निखारे फुंकायला गेला.