चाखणीच्या टोपलीतला गूळ

“माझं कुणी ऐकलं नाही!” असं ओरडत धुरपदा राजाच्या दारात आली, त्याला आता युगं लोटली. राज्य कुठलं ते विचारू नका. राजाचा मोठा गोठा होता आणि तिथली वासरं ही बाई सांभाळायची, एवढं पुरे. तोंडानं फटकळ, पण हाताला माया.

त्या राज्यात एक रीत होती. पेंडीचा नवा माल आला की आधी दूध सुटत आलेल्या वासरांपुढे ठेवायचा. त्याला म्हणत चाखणी. मोठी गुरं भुकेपोटी काहीही ओढतात, वासराची जीभ कोरी असते. जवसाची पेंड ती निवांत खात. सरकीची पुढे केली की नाक वर करत. करडईच्या टोपलीला तर लाथ मारत. पण शेंगदाण्याची पेंड चाटूनपुसून खात. तीच त्यांनी टाकली, तर माल नासका समजून उकिरड्यावर. आणि चाखणीच्या टोपलीत मीठ घालायचं नाही, गूळ घालायचा नाही. सक्त मनाई.

एका वर्षी शेंगदाण्याची पेंड आली. नऊ वासरांनी हुंगली, नऊही मागे सरली. त्यांत एक पांढऱ्या पट्ट्यांची कालवड होती, तिचं नाव बांडी. तिची आई मेल्यावर धुरपदानं तिला बोटानं दूध चाटवून जगवलं होतं.

धुरपदानं ढेप फोडून नाकाला लावली. मग पेंडीची कोठी सांभाळणाऱ्याला ती म्हणाली, “कोठीवाले, कुबट वास येतोय. भिजलाय तुमचा माल.”

“लाडावून ठेवलीस तू त्यांना,” कोठीवाला म्हणाला. “वासरं आहेत का जावई?”

“जावई उगाच रुसतात. वासरं नाही रुसत.”

ती गोठ्याच्या कारभाऱ्याकडे गेली. तो हसला. म्हणाला, “बाई, जनावराच्या जिभेवर राज्य चालवायचं का?”

दुसऱ्या दिवशी कोठीवाल्यानं तिला बजावलं, “उद्या टोपल्या रिकाम्या दिसल्या नाहीत, तर तुझ्या जागी दुसरी बाई आणीन.”

दुसरी बाई! आपल्या बांडीला दुसरं कुणी हात लावणार!  धुरपदानं घरून गूळ आणला, पाण्यात विरघळवला आणि ज्या पेंडीला ती स्वतः नाक मुरडत होती, तिच्यावरच शिंपडला.

वासरांनी हुंगलं. तरी तोंड लावेनात. मग तिनं एक घास तळहातावर घेतला.

“खा गं, माझी बाय.”

बांडीनं तिच्याकडे पाहिलं आणि घास चाटला. मग बाकीची आठ पुढे आली. टोपल्या रिकाम्या झाल्या. रोज होऊ लागल्या.

आधी वासरांच्या अंगावरची चमक गेली. मग चारा सुटला. मग पाय लटपटू लागले. महिन्याभरात आठ गेली. बांडी सगळ्यांत शेवटी गेली, धुरपदाच्या मांडीवर मान टाकून. जाताना तिचा हात चाटत होती.

तेव्हा ती बाई राजाच्या दारात ओरडत आली. राजानं कोठीतली पोती फोडायला लावली. आत हिरवी बुरशी. कोठीवाल्याला आणि कारभाऱ्याला त्यानं राज्याबाहेर घालवलं.

मग त्यानं विचारलं, “वासरांनी माल टाकला होता म्हणतेस. मग खाल्ला कसा?”

“गूळ होता वर.”

“गूळ कुणी घातला?”

“मीच. घरून आणला.”

“भरवलं कुणी?”

तिनं आपल्या तळहाताकडे पाहिलं.

राजा हळूच म्हणाला, “माणसांनी तुझं ऐकलं नाही, खरं आहे. वासरांनी ऐकलं.”



राजानं तिला शिक्षा केली नाही. पण त्यानंतर ती गोठ्यात कधी गेली नाही. वाटेत एखादं वासरू जवळ आलं, तर हात पदराखाली लपवायची.

लहानथोरांनो, वाईट आहे हे ठाऊक असून जो आपल्या हातानं भरवतो, दोष त्याचाच. मग हुकूम कुणाचाही असो.

पुढे लोक म्हणत, “बाई, कोठीवाल्यानं मारली तुझी वासरं.” त्यावर ती नाही म्हणून मान हलवायची आणि एकच नाव घ्यायची: धुरपदा.