मिठाच्या वखारीतल्या फुल्या

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा मीठ बैलांच्या पाठीवर बसून घाट चढायचं, आणि डोंगरातल्या माणसांची समुद्राशी ओळख फक्त जिभेपुरती असायची.

त्या डोंगरात सात खोऱ्यांचं एक राज्य होतं. तिथे सगळं पिकायचं, मीठ तेवढं नाही. उन्हाळाभर वंजाऱ्यांचे तांडे खालून गोण्या आणायचे. पावसाळ्यात घाट बंद झाला, की साठवलेल्या मिठावर माणसं आणि जनावरं चार महिने काढायची.

या राज्यात बाजाराचं ज्ञान सांगणाऱ्या पंडितांचे दोन पंथ होते. एक सोडपंथ, दुसरा धरपंथ. सोडपंथी म्हणत, बाजार म्हणजे ओढा. राजानं मध्ये हात घालू नये, पाणी आपली वाट आपण काढतं. धरपंथी म्हणत, बाजार म्हणजे खोंड. कासरा सोडला की दुसऱ्याच्या शेतात शिरतो, तेव्हा भाव राजानंच बांधून द्यावा. दोघांच्या पोथ्या अशा जाड, की ठेवल्या तर पाट वाकावा. आपलं ते शास्त्र आणि समोरच्याची ती बडबड, यावर मात्र दोघांचं एकमत होतं.

राज्याची एक रीत होती. मोठा बाजार उठला, की दुसऱ्या दिवशी दरबारात कारणसभा भरायची. बाजारात जे झालं ते का झालं, हे पंडितांनी सांगायचं. मीठ भरपूर आलं, तर सोडपंथी म्हणत, राजानं हात आखडला म्हणून आलं. धरपंथी म्हणत, गेल्या सालचा धाक अजून होता म्हणून आलं. मीठ कमी आलं तर कारणं तीच, फक्त उलटी करून नेसवलेली. शंभर वर्षांत कारणसभेत कुणी हरलं नव्हतं. शाली दर खेपेला दोन लागायच्या.

राजधानीच्या मिठाच्या वखारीत एक तरुण मापारीण होती. सासऱ्यांच्या मागे माप तिच्या हाती आलं होतं. वडील पंतोजी, त्यामुळे तिला लिहिता-वाचता यायचं, आणि कदाचित त्यामुळेच स्वतःवर विश्वास जरा कमी होता. दाराला कडी घातली का, हे ती तीनदा बघायची. रिवाजाप्रमाणे पहिलं माप ओतताना 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची, मग दोन, तीन असं मोजत जायची, आणि वीस झाली की 'लाभ' आपण खरंच म्हटलं की नुसतं मनात आणलं, या शंकेनं सगळं पुन्हा मोजायची. गिऱ्हाइकं वैतागत. पण तिच्या मापाला कुणी नाव ठेवत नसे.

त्यातच तिला मुलगी झाली. मग तर विचारूच नका.

लेक रडली की घर गोळा व्हायचं. सासूबाई म्हणायच्या, दृष्ट लागली. शेजारीण म्हणायची, दात येताहेत. सुईण म्हणायची, पोट दुखतंय. मीठमोहऱ्या ओवाळून व्हायच्या, हिरड्या चोळून व्हायच्या, बेंबीला हिंग लावून व्हायचा. लेक कधीतरी दमून गप्प व्हायची, आणि तिघीही म्हणायच्या, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

तिघीही एकाच वेळी बरोबर कशा, हे कोडं मापारणीला सुटेना. त्याहून वाईट म्हणजे, लेक शांत झाल्यावर तिला स्वतःलाही वाटायचं, की हे आपल्याला आधीपासून ठाऊकच होतं. या 'आधीपासून'वर तिचा भरवसा नव्हता.

म्हणून तिनं चुलीतला कोळसा उचलला आणि उपाय करण्याच्या आधीच भिंतीवर लिहायला सुरुवात केली. 'पोट दुखतंय. हिंग लावला, तर चुलीवरचं दूध उतू यायच्या आत थांबेल.' थांबली तर पुढे टिंब, नाही तर फुली. महिन्याभरात भिंत फुल्यांनी काळी झाली.

सासूबाई म्हणाल्या, "लोकांच्या सुना दारात लक्ष्मीची पावलं काढतात. आमची भिंतीवर स्वतःच्या चुका काढते."

पण त्या फुल्यांकडे बघता बघता तिला एक गोष्ट दिसली. तिन्हीसांजेला, पाय पोटाशी घेऊन रडत असेल, तरच हिंग लागू पडतो. सकाळच्या रडण्याला नाही. कळलं ते एवढंच. पण ते खरंच कळलं होतं.

हीच खोड मग वखारीत आली. दर आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी, उद्या किती बैल घाट चढतील, हे ती वखारीच्या भिंतीवर लिहायची आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच टिंब किंवा फुली द्यायची. असे दोन उन्हाळे गेले. लेक चालायला लागली. फुल्या टिंबांपेक्षा जास्तच होत्या.

तिसऱ्या उन्हाळ्यात मीठ आटलं. घाट बंद व्हायला दोन महिनेही उरले नव्हते, आणि वखारीचा तळ दिसत होता. राजानं दोन्ही पंथांना बोलावलं आणि दवंडी पिटवली, की जो पंथ खरा ठरेल त्याचंच राज्यात चालेल, दुसऱ्यानं राज्य सोडायचं. पंडित दरबारात बसले. नऊ दिवस वाद झाला. समोरच्याची विद्या शास्त्र का नाही, हे दोघांनीही उत्तम सिद्ध केलं. मीठ येईल कसं, इथवर कुणी पोचलंच नाही.

दहाव्या दिवशी सातव्या खोऱ्यातून तीन दिवस चालत आलेल्या एका म्हातारीच्या पदरात मापारणीनं अर्धं माप ओतलं. त्याहून जास्त द्यायला नव्हतं. म्हातारी रागावली नाही. गुरं आता गोठ्याच्या भिंती चाटायला लागली आहेत, एवढं सांगून ती उठली. मापारीण तिच्या पाठीकडे बघत राहिली. मग लेकीला कडेवर घेतलं आणि दरबाराची वाट धरली. वाटेतून दोनदा परत आली. एकदा कडी बघायला, आणि एकदा आपण हे काय करतोय, असं वाटून.

दरबारात तिनं सांगितलं, की मी मिठाची मापारीण. मला दोन्ही आचार्यांना एकच गोष्ट विचारायची आहे. राजानं मान हलवली.

"तुमचं ऐकलं, तर येत्या पुनवेच्या बाजाराला किती बैल येतील?"

सोडपंथाचे आचार्य म्हणाले, "अडथळा नसेल, तर पुरेसे येतील."

"आणि नाही आले तर?"

"तर अडथळा होता, असं समजावं."

धरपंथाचे आचार्य हसले. म्हणाले, "आज्ञा नीट पाळली गेली, तर हवे तेवढे येतील."

"आणि नाही आले तर?"

"तर आज्ञा नीट पाळली गेली नाही, हे उघड आहे."

मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. सोडपंथाचे आचार्य तांबडेलाल झाले. "बाई, हे शास्त्र आहे. पिंगळ्याचं भाकीत नव्हे."

"असेल," ती म्हणाली. "पण माझं मापसुद्धा दर साली सरकारी मापाशी लावून बघतात. जे चुकलंय की नाही हे बघायची सोयच नाही, ते मी कशानं मोजू?"

राजानं विचारलं, "मग तू सांगतेस?"

तिनं भिंतीवर जे दिसलं होतं ते सांगितलं. राजानं भाव बांधला त्या आठवड्यांत बैल घटले. तिथे धरपंथ चुकला. भाव मोकळा सोडला तेव्हा बैल वाढले, पण मीठ पहिल्या खोऱ्यांतच संपलं, सहाव्या-सातव्याला खडाही मिळाला नाही. तिथे सोडपंथ चुकला. आणि काही फुल्या अशा होत्या, की त्या दोघांच्याही पोथीत बसेनात. त्यांच्याबद्दल तिनं तांड्याच्या नाईकाला विचारलं, तेव्हा तो हसून म्हणाला होता, बैल पोथी खात नाही बाई, गवत खातो. घाटाखालचं कुरण राजाच्या घोड्यांसाठी राखून ठेवल्यापासून, कोरड्या आठवड्यात तांडे अर्ध्यातूनच मागे फिरत होते.

दरबारात घोड्यांचा विषय निघाला तसे मंत्री आपापल्या पायांकडे बघू लागले.

"भाव मोकळा ठेवा," ती म्हणाली. "कुरण तांड्यांना उघडा. आणि पाचातलं एक माप शेवटच्या दोन खोऱ्यांसाठी बाजूला काढा. पुनवेला तीनशे बैल येतील. दोनशेच्या आत आले, तर मी चुकले."

"आणि चुकलीस तर?"

"माप खाली ठेवीन."

बोलून गेल्यावर तिला वाटलं, शंभर का नाही म्हटलं आपण? पण राजानं कोळसा मागवला होता. दरबाराच्या पांढऱ्या भिंतीवर तिनं आपली ओळ लिहिली. पंडितांनाही लिहायला सांगितलं. त्यांना संध्याकाळ झाली, आणि त्यांची वाक्यं अशी उतरली, की फुली मारायला कुठे जागाच सापडेना. तेव्हा राजानं कुरणाचं कुंपण काढायचा हुकूम दिला.

ते बारा दिवस मापारीण ताटावरून उठून घाटाकडे बघून यायची. सासूबाईंनी ताट पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "चुकलीस तर चुकलीस. फुली काढायची तुला सवय आहे, त्या पंडितांना नाही. जेव."

पुनवेचा दिवस उजाडला. सकाळी घाट रिकामा होता. दुपारीही रिकामाच. पंडित बाजारात येऊन बसले होते, दोघांचीही कारणं तयार होती.

उन्हं कलली आणि खालून घंटा ऐकू आल्या.

पहिला बैल माथ्यावर आला. मापारीण उभी राहिली आणि म्हणाली, "लाभ." या वेळी तिला शंका आली नाही, कारण तिच्याबरोबर सगळा बाजार म्हणाला होता. दोन, तीन, चार. पन्नासाला पोरं पारावर चढली. शंभरापुढे म्हातारे मोजायला लागले. दोनशेवा बैल चढला तेव्हा असा गलका उठला, की तो बिचारा बुजून जागीच थांबला आणि मागची रांग खोळंबली. सासूबाईंनी नातीला खांद्यावर उचलून धरलं आणि अख्ख्या बाजाराला सांगितलं, की ही आमची सून. मोजणी दोनशे बासष्टावर थांबली. वखार दारापर्यंत भरली, आणि पाचातलं एक माप त्याच दिवशी सातव्या खोऱ्याच्या वाटेला लागलं.

दरबारात ढोल वाजत होते. मापारीण भिंतीपाशी गेली आणि आपल्या ओळीपुढे लिहिलं, 'अडतीस कमी.' त्याच्यापुढे एक छोटी फुली काढली.

राजा म्हणाला, "अगं, तू जिंकलीस की."

"जिंकले, महाराज. पण तीनशे म्हटलं होतं. अडतीस कुठे राहिले, ते बघायला हवं."

बघितलं, तर घाटातली मधली विहीर गाळानं भरलेली निघाली. ती उपसली. पुढच्या बाजाराला तीनशे दहा बैल आले. घाट बंद झाला तेव्हा सातही खोऱ्यांत मीठ होतं, आणि सातव्यातली गुरं भिंती सोडून गव्हाणीकडे वळली होती.

राजानं तिला विचारलं, आता कुठल्या पंथाला हाकलू? ती म्हणाली, कुणालाच नको. अर्धं यांचं खरं आहे, अर्धं त्यांचं. कुठलं अर्धं कधी खरं, ते भिंत सांगेल. त्या दिवसापासून कारणसभा बंद झाली, आणि बाजाराच्या आदल्या दिवशी सभा भरू लागली. पहिल्या वर्षी दोन्ही आचार्यांच्या नावापुढे फुल्याच फुल्या झाल्या. दुसऱ्या वर्षी थोड्या कमी. तिसऱ्या वर्षी ते दोघे घाटावर शेजारी शेजारी बसून गवत बघताना लोकांनी पाहिले.

"मग हे शास्त्र आहे की नाही?" राजानं एकदा विचारलं.

"ग्रहणासारखं नेमकं नाही, महाराज," मापारीण म्हणाली. "लेकराच्या रडण्यासारखं आहे. पण रडणंही हळूहळू कळायला लागतं."

त्या साली शाल एकच लागली. ती पांघरून मापारीण घरी निघाली, आणि वखारीची कडी बघायला वाटेतून एकदाच परत आली.

म्हणून लहानथोरहो, ध्यानात ठेवा: आधी सांगावं, मग पाहावं, आणि चुकलं तर आपल्याच हातानं फुली मारावी, शास्त्र म्हणतात ते यालाच.