राजप्रतिनिधींची जागा

"ज्याला स्वतःच्या सिंहासनावर चढता येत नाही, तो राज्य काय चालवणार?" राजप्रतिनिधी भैरवदेवांनी भर दरबारात विचारलं.

सम्राट पद्मदेव त्यांचे पुतणे, वय वर्षं सहा! सिंहासन त्यांच्या छातीइतकं उंच, आणि त्याच्या पायऱ्या भैरवदेवांनी कालच काढून नेलेल्या. म्हणे डागडुजीला!

"उद्या सम्राटांनी आपलं आपण चढावं. कुणी हात लावायचा नाही, चौरंग-शिडी ठेवायची नाही. जमलं नाही, तर तिथं मी बसेन!"

सरदारांनी माना डोलावल्या. निम्म्यांना जहागिरी मिळाली होती, उरलेल्यांना धमकी.

राजमाता महालात येऊन डोळ्यांना पदर लावून बसल्या. दरबारात बिछायत घालणारी साळू तिथंच गालिचा झटकत होती.

"आईसाहेब, सम्राट आत आले की सगळे गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावतात ना?"

"हो. सम्राट बसेपर्यंत उठायचं नाही. उठला तो राजद्रोही! जुना रिवाज आहे."

"आणि राजप्रतिनिधींनी बिछायतीवरच्या जरीच्या कमळावरच कपाळ टेकायचं?"

"हो गं. पण त्याचं आत्ता काय?"

"काही नाही. उद्या बिछायत जरा पुढं ओढते!"

सकाळी सम्राट आत आले. दरबार वाकला. कमळ आज थेट सिंहासनाला भिडलेलं! सिंहासन इतकं जवळ आलेलं पाहून भैरवदेव मनात खूशच झाले. त्यांनी कपाळ टेकलं.

आणि साळूनं शिकवल्याप्रमाणे पद्मदेव धावत आले, काकांच्या पाठीवर चढले आणि टुणकन सिंहासनात!

"अरे! अरे!" भैरवदेव ओरडले. पण उठतात कसे? राजद्रोह! सम्राट नीट मांडी घालून बसले, तेव्हा कुठं ते उभे राहिले.

"कुणी शिकवलं हे?"

"मी!" साळू दारातूनच म्हणाली. "कुणाचा हात लागला नाही. चौरंग नाही, शिडी नाही!"

"माझ्या पाठीवर पाय दिला!"

"मग? सम्राट मोठे होईपर्यंत त्यांना आधार द्यायलाच तर तुम्हाला नेमलंय, महाराज! आज पहिल्यांदाच दिलात!"

एक म्हातारा सरदार फसकन हसला. मग दुसरा. मग सगळेच!

"काका," सम्राट वरून म्हणाले, "उद्यापण इथंच वाका हं!"

भैरवदेवांनी आपल्याच सरदारांकडे पाहिलं. तेही पोट धरून हसत होते! अखेर त्यांनाही हसू आवरेना.

"पायऱ्या आणा रे! आत्ताच्या आत्ता!"

राजमातांनी हातातले सोन्याचे तोडे काढून साळूच्या हातात घातले.

"आईसाहेब, बिछायत मागं घेऊ?"

"छे गं! राहू दे तिथंच!"