रानमांजरीचं पिल्लू आणि हौसाचा हेवा

शहर जिथं दमून थांबतं आणि टेकडी जिथं सुरू होते, तिथं रोपांची एक छोटीशी वाडी होती. वाडीच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या इवल्याशा खोलीत, हौसा आणि तिची आई राहायच्या. आई दिवसभर काळ्या पिशव्यांत माती भरायची आणि रोपं लावायची. मुलीचं नाव हौसा, पण तिची एकही हौस कधी पुरी झाली नव्हती. फ्रॉक आईच्या जुन्या साडीचा, बाहुली चिंध्यांची, आणि उन्हाळा आला की पिण्याचं पाणीसुद्धा लांबून आणावं लागायचं.

समोरच्या उंच इमारतीत अन्विता राहायची. तिच्याकडे चाकांचे बूट होते, निळा झोपाळा होता आणि सात रंगांच्या रिबिनी होत्या. हौसाला तिचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, चांगला पोटभर. अन्विताच्या केसांत नवी रिबीन दिसली की हौसाला घास गोड लागायचा नाही. तशी पोर फार गुणी आणि मायाळू होती, पण तेवढ्या एका बाबतीत तिचं मन काही केल्या ऐकायचं नाही.

टेकडीखालच्या लोकांची एक रीत होती. पायथ्याशी दगडाची एक डोणी होती. ती रानातल्या जनावरांसाठी पाण्यानं भरून ठेवायची, आणि दिवेलागण झाली की तिकडे कुणी फिरकायचं नाही. ती वेळ मुंगसांची, सायाळांची, रानमांजरांची. दिवसा वाट माणसांची आणि अंधार पडला की त्यांची, असं ठरलेलंच होतं. इमारतीतल्या लोकांना मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं.

एका सकाळी अन्विता टेकडीवर फिरायला गेली आणि गवतातून एक पिल्लू उचलून घेऊन आली. मऊमऊ, मातकट रंगाचं, कानांच्या टोकांना काळे केस. बिचारं एकटंच होतं, आईनं टाकून दिलेलं, असं ती सगळ्यांना सांगत सुटली. तिनं त्याच्या गळ्यात गुलाबी रिबीन बांधली, त्याला उशीवर बसवलं, आणि सगळ्या मुलांची तिच्या घरी रीघ लागली.

हौसानं हे ऐकलं मात्र, तिच्या अंगाचा तिळपापड झाला. झोपाळा तिलाच, बूट तिलाच, आणि आता रानातलं पिल्लूसुद्धा तिलाच? रान तर माझ्या घराला लागून आहे, असं ती रोपांना सांगत बसली. रोपं काय बोलणार?

दुपारी लांबून पाणी घेऊन येताना ती धुसफुसतच डोणीपाशी आली. उन्हात सगळ्यांना डोणीचा विसर पडला होता. तळाशी नुसतं हिरवं शेवाळ उरलं होतं. आज हौसालाही पाणी घालायचं मन नव्हतं. पण तिथं एक चिमुकली खार कोरड्या दगडाला जीभ लावत होती. हौसानं कपाळाला आठ्या घातल्या आणि आपल्या वाटणीचं कळशीभर पाणी डोणीत ओतलं.

त्याबरोबर वरचा बहावा सळसळला. पिवळ्याधमक घोसांतून सोनेरी पाकळ्या भुरभुर खाली आल्या, आणि त्या पाकळ्यांतून एक इवलीशी परी उतरली. तिचा घागरा हळदीसारखा पिवळा होता, पंख पारदर्शक, आणि पायांत हिरव्या कळ्यांचे जोडे.

“रागावलेली असूनही पाणी दिलंस,” परी हळूच म्हणाली. “मला आवडलीस तू. एक इच्छा माग. पण अट आहे. ज्याच्याविषयी मागशील, त्याच्या डोळ्यांत बघून मागायचं. आणि दिवेलागणीच्या आत.”

हौसाला विचार करावा लागलाच नाही. ती वाऱ्यासारखी अन्विताच्या घरी पोचली. दारात चपलांचा ढीग होता. मुलं पिल्लाला दूध पाजायला बघत होती, पण ते तोंड फिरवत होतं. सकाळपासून त्यानं थेंबसुद्धा घेतला नव्हता. अन्विता कौतुकानं म्हणाली की लाजतंय जरा, उद्या पिईल.

हौसानं पिल्लू जरा हातात मागितलं. अन्वितानं नाक मुरडलं, पण दिलं.

पिल्लाचं अंग गरम होतं आणि काळीज धडधड वाजत होतं. किती हवंसं वाटलं हौसाला! उद्या सगळी पोरं माझ्या दारात येतील, अन्विता तिथं मागे उभी राहील आणि तिच्या पोटात दुखेल. नुसतं ‘हे मला मिळू दे’ एवढंच म्हणायचं होतं. तिनं पिल्लाच्या डोळ्यांत पाहिलं.

ते डोळे तिच्याकडे बघतच नव्हते. ते खिडकीतून टेकडीकडे लागले होते. हौसानं दोनदा त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं, दोनदा ते परत वळलं. तिसऱ्या वेळी त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि त्या पाणावलेल्या डोळ्यांत एवढी भीती होती की हौसानं त्याला छातीशी धरलं. आई रोपं विकायला शहरात गेली की सांज होईपर्यंत आपणही असंच दाराकडे बघतो, हे तिला ठाऊक होतं. आपल्याला कुणी टाकलेलं नसतं. आई फक्त कामाला गेलेली असते.

मन म्हणत होतं, माग, माग. हौसा रडत रडत म्हणाली, “ह्याला ह्याची आई भेटू दे.”

लगेच टेकडीवरून आवाज आला. लांबचा, खरखरीत, कळवळून मारलेली हाक. पिल्लानं कान टवकारले आणि एवढ्याशा गळ्यानं जीव तोडून ओ दिली. खोलीतली सगळी मुलं खिडकीशी धावली.

“ती शिकारीला गेली होती गं,” हौसा म्हणाली. “पिल्लाला गवतात लपवून जाते. टाकून न्हाई दिलेलं.”

अन्विताचा चेहरा पडला. तिला रडू कोसळलं. पण तिनंच गुलाबी रिबीन सोडली, आणि दोघी मिळून टेकडीकडे पळाल्या. पिल्लू जिथून उचललं होतं तिथंच त्यांनी ते अलगद ठेवलं आणि त्या दूर वाडीच्या कुंपणामागे जाऊन दबून बसल्या. दिवे लागायच्या बेतात गवत हललं. रानमांजर आली, तिनं पिल्लाला हुंगलं, चाटलं, मानेला धरून उचललं आणि ती गवतात नाहीशी झाली.

कुंपणावर सोनेरी उजेड उतरला. परी हौसाच्या कानाशी आली.

“मागायचं ते तू दुसऱ्यासाठी मागितलंस. आता हे न मागितलेलं घे. रान तुझ्यापासून लपणार नाही.” तिनं हौसाच्या पापण्यांना बोट लावलं, आणि ती उजळत उजळत नुसता प्रकाश झाली. तो प्रकाश टेकडीभर पसरला आणि विरून गेला.

हौसानं डोळे उघडले. वडाच्या ढोलीत दोन पिंगळे बसले होते. सांडपाण्याच्या पाइपाच्या तोंडाशी मुंगसाची पिल्लं एकमेकांशी झोंबत होती. इमारतीच्या भिंतीवरून एक उदमांजर ऐटीत चालत होतं, आणि खालून जाणाऱ्या माणसांना त्याचा पत्ताच नव्हता. हौसा एकेक सांगत गेली. अन्वितानं डोळे ताणताणून पाहिलं. तिला भिंत दिसली, पाइप दिसला आणि अंधार दिसला.

“हौसा,” ती रडवेल्या आवाजात म्हणाली, “मला तुझा खूप हेवा वाटतो.”

हेच ऐकायला हौसा किती दिवस आसुसलेली होती. पण आता ऐकलं आणि तिला काहीच गोड लागलं नाही. तो हेवा पोटात कसा बोचतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

तिनं अन्विताचा हात घट्ट धरला, तिचं बोट भिंतीच्या त्या कोपऱ्याकडे वळवलं आणि म्हणाली, “हालू नको. माझ्यासंगट बघ.”

अन्वितानं श्वास रोखला. थोड्या वेळानं भिंतीवर एक शेपटी हलली आणि तिच्या तोंडून आनंदाचा बारीक चीत्कार निघाला.